झाडूचा दांडा आणि पक्कड

टॉम वुल्फच्या 'द राइट स्टफ' (१९७९) या पुस्तकातला सर्वांत जास्त वेळा सांगितला गेलेला प्रसंग झाडूच्या दांड्याचा आहे. ऑक्टोबर १९४७, कॅलिफोर्नियाचं वाळवंट. चक येगर ध्वनीचा वेग ओलांडायला निघाला आहे. दोन दिवसांपूर्वी रात्री घोड्यावरून पडून त्याच्या बरगड्या मोडल्यात आणि ही गोष्ट त्यानं वरिष्ठांना कळू दिलेली नाही. एक्स-१ विमानाचं दार आतून लावायला उजव्या हातानं जोर काढावा लागतो, आणि तो हात तर वर उचलायचीही सोय नाही. प्रकल्पातला इंजिनिअर जॅक रिडली एका झाडूचा दांडा कापून आणतो. त्याची तरफ करून येगर डाव्या हातानं दार लावतो आणि जाऊन इतिहास घडवून येतो. १९८३च्या सिनेमातही हा प्रसंग आहे. तो बघताना आपण खूश होतो. जुगाड म्हणजे आपला घरचा विषय.

बरोबर पन्नास वर्षांनी, १२ ऑक्टोबर १९९७ रोजी, त्याच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ गायक जॉन डेन्व्हर विमान समुद्रात कोसळून गेला. विमान लाँग-ईझी जातीचं, कुणीतरी घरी बांधलेलं. डेन्व्हरनं ते नुकतंच विकत घेतलं होतं. या विमानाला इंधनाच्या दोन टाक्या असतात आणि कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते एक व्हॉल्व्ह फिरवून ठरवावं लागतं. या व्हॉल्व्हचा दांडा वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या मागे होता. बसल्या जागेवरून तिथे हात पोचत नव्हता. उड्डाणापूर्वी डेन्व्हरचं आणि विमानतळावरच्या एका तंत्रज्ञाचं यावर बोलणं झालं. दांड्याला पक्कड लावून त्याची लांबी वाढवून पाहिली. तरीही हात पोचेना. इंधन किती उरलंय ते दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागे, म्हणून तंत्रज्ञानं त्याला एक छोटा आरसा दिला. डेन्व्हर उडाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा, म्हणजे एनटीएसबीचा, या अपघातावरचा अहवाल आणि वुल्फचं पुस्तक मी एकामागोमाग एक वाचलं. तेव्हापासून हा दांडा आणि ही पक्कड डोक्यातून जात नाहीयेत. दोन्ही वस्तूंचं काम एकच: माणसाचा हात जिथे पोचत नाही तिथे पोचवणं. एका मजकुरात ती वस्तू दंतकथा झाली आणि दुसऱ्यात अपघाताच्या साखळीतली एक कडी. येगर वाचला आणि डेन्व्हर गेला, एवढ्यावर हा फरक सोडून देणं मला पटत नाही. दोन्ही मजकूर ज्या तऱ्हेनं लिहिलेत, त्यात हा फरक आहे. आणि घरी विमान बांधून ते पहिल्यांदा आकाशात नेणाऱ्या माणसाच्या हातात यांतला कुठला मजकूर असतो, यावर त्याचा जीव अवलंबून असू शकतो.

थोडी पार्श्वभूमी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यातल्या वन-बीएचकेमध्ये विमान बांधायला जागा नाही. कॉलेजात स्पर्धेसाठी बाल्सा लाकडाची रेडिओ कंट्रोलवाली विमानं केली, तेवढाच माझा अधिकार. अमेरिकेत मात्र हा रीतसर छंद आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग तुम्ही स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर बांधला असेल, तर सरकार त्याला 'प्रायोगिक' या वर्गात उडायची परवानगी देतं. नकाशे किंवा किट विकत मिळतात. रिचर्ड व्हॅनग्रुन्सवेन यांच्या कंपनीच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून जास्त विमानं अशी गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकून तयार झाली आणि उडाली. बर्ट रुटान यांचं लाँग-ईझी हे फोम आणि फायबरग्लासचं, शेपटी नसलेलं, पुढे छोटे पंख आणि मागे प्रोपेलर असलेलं विमान. कारखान्यातून आलेल्या विमानाच्या चाचण्या कारखान्यानं केलेल्या असतात. इथे कारखाना म्हणजे तुम्हीच. मग चाचणी कोण करणार?

यासाठी एफएए या सरकारी खात्यानं एक पुस्तिका काढली आहे: हौशी विमानांच्या उड्डाण चाचण्या कशा कराव्यात याबद्दल. तिचा नंबर एसी ९०-८९. माझ्याकडे तिची २०१५ची आवृत्ती आहे. सरकारी पुस्तिकेची समीक्षा करायची म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकाचं रसग्रहण करण्यासारखं वाटेल. पण मला हा मजकूर 'द राइट स्टफ'हून सरस वाटतो, आणि का ते सांगायचंय.

पहिली गोष्ट म्हणजे पुस्तिकेची वेळेची मांडणी. सिनेमात पहिलं उड्डाण शेवटी येतं. संगीत चढतं, चाकं जमीन सोडतात, खाली उभी असलेली बायको रडते, संपलं. पुस्तिकेत पहिलं उड्डाण मध्यात कुठेतरी येतं आणि लगेच मागे पडतं. त्याआधी पानंच्या पानं जमिनीवर जातात. विमानतळ कुठला निवडावा, धावपट्टीच्या टोकाला काय आहे, शेत की वस्ती. दवाखाना किती लांब. आग विझवायचं साधन कुणाच्या हातात असेल आणि दार बाहेरून कसं उघडतं ते त्याला माहीत आहे का. तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून विमानाचा गुरुत्वमध्य काढणं. विमानाचं नाक चढाईच्या कोनापेक्षाही जास्त वर उचलून ठेवायचं आणि त्या अवस्थेत इंजिनापर्यंत इंधन किती वेगानं येतं ते मोजायचं; इंधन नुसत्या गुरुत्वाकर्षणानं येत असेल तर इंजिनाच्या कमाल गरजेच्या दीडपट आलं पाहिजे, पंप असेल तर सव्वापट. मग धावपट्टीवर नुसतं पळवणं, आधी हळू, मग जोरात, न उडता. मग पहिलं उड्डाण. आणि त्यानंतरची प्रकरणं तासांवर बेतलेली: पहिले दहा तास, त्यापुढचे दहा, त्यापुढचे. इंजिन आणि प्रोपेलर प्रमाणित जोडीचे नसतील तर नियमाप्रमाणे साधारण चाळीस तास, असतील तर पंचवीस. शेवटच्या प्रकरणाच्या नावात तासांची सुरुवात दिली आहे, शेवट कोरा सोडला आहे. असा शेवट कुठल्या कादंबरीकाराला सुचला असता तर आपण त्याच्यावर लेख लिहिले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या उड्डाणाकडून पुस्तिकेच्या अपेक्षा किती माफक आहेत. इंजिन चालत राहतंय का आणि विमान हातात राहतंय का, एवढंच बघायचं. वर जायचं, धावपट्टीच्या आवाक्यात घिरट्या घालायच्या. पुरेशा उंचीवर विमान हळूहळू सावकाश करत न्यायचं आणि ते स्टॉलच्या जवळ कसं वागतं ते पाहायचं. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंख हवेला फार तिरका झाला की त्याच्यावरचा प्रवाह सुटतो, उचल एकदम कमी होते आणि विमान खाली जातं. हे कितीच्या वेगाला होतं ते नकाशात एक असतं आणि तुम्ही बांधलेल्या विमानात दुसरं असू शकतं, आणि तो आकडा कळल्याशिवाय उतरताना किती वेग धरायचा ते कळत नाही. म्हणजे पहिल्या उड्डाणाचा खरा हेतू परत सुखरूप उतरण्यासाठी लागणारा आकडा मिळवणं हा आहे.

गंमत अशी की ही पुस्तिकाही वीरांच्या मोहातून पूर्ण सुटलेली नाही. तिच्या विभागांच्या डोक्यावर अवतरणं आहेत, आपल्याकडे पीएचडीच्या प्रबंधात प्रकरणाआधी रामदासांची ओवी असते तशी. एका ठिकाणी चंद्रमोहिमेतला मायकल कॉलिन्स, एका ठिकाणी खुद्द चक येगर. खाली नळीच्या क्लॅम्पबद्दल लिहायचं आणि वर येगरची सही. मला वाटतं लेखकांना आपला वाचक नीट माहीत आहे. बारा वर्षं गॅरेजमध्ये घालवलेल्या माणसाच्या मनात सिनेमा चालूच असतो. त्याला आधी त्याचा नायक दाखवायचा आणि मग त्याच नायकाच्या नावानं क्लॅम्प तपासायला लावायचा.

आता झाडूच्या दांड्याकडे परत येऊ. वुल्फवर अन्याय नको. त्यानं वैमानिकांच्या त्या 'खास मातीच्या' समजुतीवर भरपूर उपहास केला आहे. कुणी मेला की बाकीचे वैमानिक अंत्यविधीहून परत येतात आणि आपसात ठरवतात की त्यानंच काहीतरी चुकवलं असणार, आपण ते चुकवलं नसतं. पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं या क्रूर तर्कावरच उभी आहेत. पण वुल्फची भाषा इतकी धावती आणि चमचमीत आहे की उपहास विरून जातो आणि नायक उरतो. सिनेमानं तर उपहासाची उरलीसुरली धारही बोथट केली. त्यात गेला तो एक्स-१भोवतीचा सगळा पसारा. येगर त्या दिवशी एकदम ध्वनीच्या वेगावर गेला नाही. आधीच्या उड्डाणांत वेग थोडा थोडा वाढवत नेला होता. ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ९४ टक्क्यांवर शेपटीवरच्या एलेव्हेटरचा परिणामच होईनासा झाला, तेव्हा काम थांबवून विचार झाला, आणि शेपटीचा अख्खा आडवा पंख हलवून काम भागवायचं ठरलं. यामागे डोकं रिडलीचं. बरोबर पाठलाग करणारी विमानं होती, खाली मोजमाप करणारी माणसं होती. झाडूचा दांडा या सगळ्या पसाऱ्याच्या आत वापरला गेला. आणि तो एकदाच, जमीन खूप खाली असताना, विमान अजून मोठ्या विमानाच्या पोटाशी टांगलेलं असताना वापरायचा होता. दार लागलं नसतं तर येगर परत वर चढला असता.

डेन्व्हरची पक्कड कधी लागणार होती? इंधन संपत आल्यावर, समुद्रावर, कमी उंचीवर, एकट्याला.

एनटीएसबीच्या अहवालात जी गोष्ट मला कादंबरीइतकी अस्वस्थ करून गेली ती एका शरीराची आहे. रुटानच्या नकाशात तो व्हॉल्व्ह वैमानिकाच्या पायांच्या मध्ये, समोर आहे. बांधणाऱ्यानं तो मागे नेला. हेतू असा की इंधनाच्या नळ्या माणसाजवळून जाऊ नयेत. हेतू वाईट नव्हता, सुरक्षिततेचाच होता. पण लाँग-ईझीची कंट्रोल स्टिक उजव्या हाताशी असते. मागचा दांडा फिरवायचा तर स्टिक सोडायची, पूर्ण अंग वळवायचं. आणि बसलेल्या माणसानं असं मागे वळायचा प्रयत्न केला की तो टेकू म्हणून नकळत उजवा पाय ताणतो. पायाखाली उजवं रडर असतं. तपासनीसांनी हे प्रत्यक्ष बसून करून पाहिलं. अहवालाचा निष्कर्ष असा की दांडा फिरवण्याच्या खटपटीत लक्ष गेलं, उजवं रडर दाबलं गेलं, विमान हाताबाहेर गेलं. डेन्व्हर नवशिका नव्हता, त्याच्या नावावर २७०० हून अधिक तास होते.

इथे हा अहवाल वुल्फच्या वैमानिकांपेक्षा वेगळा होतो. 'त्याचंच चुकलं' असं तोही म्हणतो. इंधन नीट न पाहता निघाला, या विमानाचं पुरेसं प्रशिक्षण घेतलं नाही, हे स्पष्ट लिहिलंय. पण तो तिथे थांबत नाही. बांधणाऱ्यानं दांडा तिथे बसवला, त्यावर खुणा नव्हत्या, इंधनाच्या नळ्यांवर आकडे नव्हते, हेही त्याच यादीत येतं. दोष असा वाटला की कुणालाच तो पूर्ण टाळता येत नाही आणि एकट्यालाच सगळा घ्यावाही लागत नाही. अंत्यविधीहून परतताना वाचावा असा हा मजकूर आहे.

आपल्याकडे या विषयावरचा मजकूर कसा आहे? घरगुती विमान म्हटलं की मराठी माणसाला आधी शिवकर बापूजी तळपदे आठवतात. १८९५ मध्ये चौपाटीवर 'मरुत्सखा' उडालं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर भाषण झालं आणि त्याच महिन्याअखेरीस 'हवाईजादा' हा सिनेमा आला. 'वैमानिक शास्त्रा'तली विमानं उडण्यासारखी नाहीत आणि ग्रंथ विसाव्या शतकातला आहे, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण त्यावर सिनेमा कोण काढणार. मला या वादात एका गोष्टीचं नवल वाटतं. दोन्ही बाजू 'उडालं की नाही' एवढ्यावरच भांडतात. दुसऱ्या उड्डाणाबद्दल कुणी विचारत नाही. राइट बंधूही सायकलवालेच, त्यांचं विमानही घरगुतीच. पण त्यांच्याकडे दुसरं उड्डाण आहे. १७ डिसेंबर १९०३ या एकाच दिवसात चार. पहिलं १२ सेकंदांचं, चौथं ५९ सेकंदांचं, ८५२ फूट. मग ओहायोमधल्या एका कुरणात दोन वर्षं पडणं, मोडणं, दुरुस्त करणं, आणि ऑक्टोबर १९०५ मध्ये ३९ मिनिटं. मरुत्सखाच्या कथेत पहिलं उड्डाण हेच सगळं आहे, म्हणून तिच्यात तपासण्यासारखं काही नाही.

ही सवय आजच्या बातम्यांतही दिसते. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली, पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. त्या काळात माझ्या वाचनात आलेल्या बातम्यांत गच्ची होती, पैशांची ओढाताण होती, लाल फितीशी झगडा होता, मंत्र्यांसोबतचे फोटो होते. त्या झगड्याबद्दल लिहायलाच हवं होतं. हौशी विमानांसाठी आपल्याकडे नियमांची वाट धड नाही, हे खरं आहे. पण विमान उडाल्यावर मला जे वाचायचं होतं ते कुणी लिहिलं नाही. पहिल्या दिवशी काय तपासलं? स्टॉलचा वेग किती निघाला? हिशेबात होता तेवढाच का? गच्चीवर विमान बांधणं हे जिद्दीचं काम आहे. धुळ्यात जे चाललं होतं ते त्याहून अवघड आणि त्याहून रंजक होतं, आणि आपल्या पत्रकारितेत त्यासाठी शब्दच नव्हते. जमिनीवर परत आलेला वैमानिक म्हणजे आपल्यासाठी गोष्ट संपली.

याचा अर्थ पुस्तिका निर्दोष आहे असा नाही. तिचं जग अमेरिकेचं आहे. गावोगावी धावपट्टी, आणि १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ईएए या हौशी संघटनेचे अनुभवी सभासद जे फुकट येऊन तुमचे रिव्हेट तपासतात. आणि तिच्या पोटात बराच काळ एक विसंगती होती. पुस्तिका म्हणते, पहिलं उड्डाण बांधणाऱ्यानंच करावं असं काही नाही, वैमानिक सरावातला हवा. पण नियम म्हणायचा की चाचणीच्या काळात विमानात आवश्यक तेवढीच माणसं, म्हणजे व्यवहारात एकच. आता बारा वर्षं जो गॅरेजमध्ये बसलाय तो बारा वर्षं फारसा उडालेला नसतो. पैसा आणि शनिवार-रविवार दोन्ही ॲल्युमिनियममध्ये गेलेले असतात. हातांना रिव्हेट गन ओळखीची, स्टिक अनोळखी. अशा माणसाला अनोळखी यंत्रात एकट्याला वर पाठवायचं. एनटीएसबीनं २०१२ मध्ये या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या छोट्या विमानांत यांचं प्रमाण सुमारे १० टक्के, पण २०११ मधल्या एकूण अपघातांत १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के. कारणं मुख्यतः दोन, इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं. नव्या विमानाच्या अगदी पहिल्या उड्डाणात झालेले अपघात त्यात आहेतच, पण दुसऱ्यानं बांधलेलं विमान विकत घेऊन नव्या मालकानं केलेल्या पहिल्या उड्डाणातलेही आहेत. विमान शेकडो तास उडालेलं असलं तरी माणूस नवा असतो. डेन्व्हरच्या बाबतीत हेच झालं होतं. २०१४ मध्ये एफएएनं वाट मोकळी केली. ठरावीक अटींवर चाचणीत दुसरा, अनुभवी वैमानिक शेजारी बसू शकतो. येगरला रिडली होता, घरगुती विमानाला कायद्यानं रिडली मिळायला एवढी वर्षं लागली.

आमच्या कामातही रात्री दोन वाजता सर्व्हर वाचवणाऱ्याचं कौतुक होतं आणि तो सर्व्हर पडूच नये म्हणून सहा महिने चाचण्या लिहिणाऱ्या मुलीला अप्रेझलमध्ये सरासरी गुण मिळतात. पण आमचं काही कोसळलं तर आम्ही जुनी आवृत्ती परत चढवतो. म्हणून ही तुलना मी फार ताणत नाही.

चाचणीच्या तासांत वैमानिक गुडघ्याला बांधलेल्या पॅडवर लिहितो. साधारण अशा धर्तीचं: तीन हजार फूट, पूर्ण पॉवर, तेलाचं तापमान चढतंय पण मर्यादेत. डावा पंख जड. स्टॉलआधी थरथर स्पष्ट. क्रियापदं कमी, विशेषणं नाहीत, 'मी' तर अजिबात नाही. हे सगळे तास भरले की शेवटी मालकाला विमानाच्या लॉगबुकात एक वाक्य स्वतःच्या सहीनं लिहावं लागतं. त्याचा आशय नियमात ठरलेला आहे: विमान त्याच्या नेहमीच्या सर्व वेगांत आणि सर्व हालचालींत काबूत राहतं आणि त्यात धोकादायक असं काही आढळलं नाही. सोबत आकडे भरायचे. स्टॉलचा वेग, चढाईचे वेग, चाचणीच्या वेळचं वजन, गुरुत्वमध्य. त्यानंतर शेजारच्या आसनावर पहिल्यांदा कुणाला तरी बसवता येतं. बायको, मुलगी, रिव्हेटला दुसऱ्या बाजूनं ठोकळा धरून उभा राहिलेला शेजारी. त्या आसनासमोर डॅशबोर्डवर एक पट्टी लावलेली असते: हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि कारखान्यातल्या विमानांचे सुरक्षा नियम ते पाळत नाही.